ध्यान जमत नाही, नुसती शांत बसते. चालेल का?

प्रश्न नाशिकहून आला आहे. विचारणाऱ्या बाई ५२ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं, तिथे नीट जमलं. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलं होतं, ते महिनाभरात सुटलं. मग मोबाइलवर ध्यानाचं ॲप घेतलं. त्यातल्या बाईचा आवाज ऐकून एक तर झोप येते, नाहीतर चीड येते. हल्ली ऑफिसातून आल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून वीसेक मिनिटं नुसत्या बसतात. श्वास बघणं नाही, नाम नाही, मोजणं नाही. बरं वाटतं. तर हे ध्यान धरायचं, की आपली आपणच समजूत घालतोय? शिवाय हल्ली मिस्टरही पेपर घेऊन शेजारी येऊन बसतात, त्यांचं काय करायचं?

ताई, बसत राहा. याला ध्यान मात्र म्हणू नका. म्हटलंत की लगेच परीक्षा सुरू होते: आज लागलं का, किती वेळ लागलं, कालच्यापेक्षा बरं होतं का. अनेक वर्षं योगाचे वर्ग घेतेय, त्यात ध्यानाने दमलेली माणसं मी भरपूर पाहिली आहेत. कामाने दमलेल्यांपेक्षा त्यांना सावरणं अवघड जातं, कारण त्यांना वाटत असतं की जी गोष्ट सगळ्या जगाला जमते तीच आपल्याला जमत नाही.

आधी इगतपुरीचं बोलू. तिथल्या धम्मगिरी केंद्रावर पहाटे चारला घंटा होते. दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसणं. बोलायचं नाही, वाचायचं-लिहायचं नाही, फोन जमा. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे अंगभरच्या संवेदना तटस्थपणे बघायला शिकवतात, आणि त्यापुढे रोज तीनदा तासभर हात, पाय, डोळे न उघडता अधिष्ठानात, म्हणजे न हलण्याच्या निश्चयाने बसायचं. जेवण दुसरं कुणीतरी रांधतं. अशा ठिकाणी जमलं आणि घरी जमलं नाही, यात तुमच्या मनाचा दोष काढायचं कारण नाही. घरी घंटा तुम्हीच, स्वयंपाकही तुम्हीच, आणि दाराची बेल वाजली की उठणाऱ्याही तुम्हीच.

तिथे जे मिळतं ते गॅलरीत मिळत नाही, हेही सांगून टाकते. लक्ष एका जागी ठेवायचं, सुटलं की परत आणायचं, पुन्हा सुटलं की पुन्हा आणायचं, असं हजारो वेळा केल्यावर मनाला एक ताकद येते. गुडघा दुखतोय आणि तरी आपण त्या दुखण्याकडे न चिडता बघतोय, ही त्याच शिक्षणातली गोष्ट. नुसतं बसून ती येत नाही. येते असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मग नुसतं बसून काय होतं? दिवसभर जे मागे ढकललेलं असतं त्याला पुढे यायला वाट मिळते. पाठ किती दुखतेय हे साडेसहाला पहिल्यांदा कळतं. सकाळी जावेच्या एका वाक्याने आपण दुखावलो होतो, हे कळतं. उत्तर द्यायची घाई थोडी कमी होते. फायदे मी एवढेच सांगेन. रक्तदाब, आत्मसाक्षात्कार वगैरे याच्या गळ्यात घालणार नाही.

अट एकच आहे: बसून काहीही मिळवायचं नाही. शांतीसुद्धा नाही. वाचायला सोपं वाटतं, पण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. श्वास मोजणं सोडलं तरी मन आतून तपासत राहतं, शांत वाटायला लागलं का? त्या तपासणीला हरकत नाही, ती होणारच. फक्त तिचा निकाल लागेपर्यंत बसून राहायचं नाही आणि निकाल वाईट लागला म्हणून उठायचंही नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांतलं स्थिरसुखमासनम्, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, हे सूत्र वर्गात येणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचं सूत्र, प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्, त्याकडे कुणी फिरकत नाही. आसन स्थिर होतं ते प्रयत्न ढिला केल्याने आणि चित्त अनंताशी जुळल्याने, असं ते सांगतं. अनंताचं राहू द्या, ढिल्या प्रयत्नाची शिकवणी गॅलरीतल्या खुर्चीत फुकट होते. आणि ज्यांना पद्धत सोडल्याची टोचणी लागते त्यांनी योगसूत्रांचा पहिला पाद, म्हणजे पहिला भाग बघावा. चित्त स्थिर करायचे एकामागून एक उपाय सांगून झाल्यावर पतंजली म्हणतात, यथाभिमतध्यानाद्वा. किंवा मग ज्याला जे रुचेल त्याचं ध्यान. एवढा मोकळेपणा आपल्या शिबिरांच्या पत्रकांत सापडायचा नाही.

नेटवर वाचून कुणी तुम्हाला सांगेल की हे तर जपानी झेनमधलं 'शिकानताझा', म्हणजे फक्त बसणं. तसं ते नाही. तेराव्या शतकात झेन गुरू दोगेन यांनी बसण्याचे जे नियम लिहून ठेवले त्यात खाली जाड आसन, त्यावर गोल उशी, पद्मासन किंवा अर्धपद्मासन, जीभ टाळूला, डोळे उघडे, कान खांद्यांच्या रेषेत, इथवर सगळं ठरलेलं आहे. फक्त बसणं असलं तरी कवायत कडक. तुमच्या प्लास्टिकच्या खुर्चीला त्यात जागा नाही.

जवळचं उदाहरण हवं असेल तर रमण महर्षींच्या दिवाणखान्याचं घ्या. १८९६ मध्ये सोळाव्या वर्षी ते तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैला आले आणि १९५० मध्ये देह ठेवीपर्यंत ते गाव सोडून कुठे गेले नाहीत. त्यांच्यासमोर लोक येऊन बसत, कुणी तासभर, कुणी पाच मिनिटं, आणि उठून जात. प्रश्न विचारला तर उत्तर मिळे, पण पुष्कळदा सगळे नुसतेच बसलेले असत. विचारवंत जे. कृष्णमूर्तींनी तर पद्धतीलाच हात घातला. १९२९ मध्ये हॉलंडमधल्या ओमेनला त्यांनी आपल्यासाठी इतरांनी उभी केलेली संघटना बरखास्त केली, आणि पुढे आयुष्यभर सांगत राहिले की ठरावीक पद्धतीचा सराव मनाला यंत्र बनवतो. मला ते पूर्ण पटत नाही. त्यांचं ऐकून सगळं सोडणाऱ्यांनी एक विसरू नये, की हेच कृष्णमूर्ती पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून आसनं शिकत होते. शरीर जपलेलं असेल तर मन मोकळं सोडायला धीर येतो. तुम्हीसुद्धा गॅलरीत जाण्याआधी पाच मिनिटं खांदे फिरवा, कंबर वाकवा, जमलं तर पाय भिंतीला टेकवून उताण्या पडा. दिवसभर कॉम्प्युटरपुढे आखडलेलं अंग तसंच खुर्चीत टाकलं तर वीस मिनिटं ते अंगच बोलत राहील.

खरं तर आपल्याकडे हे शिकवावं लागू नये. देवळात दर्शन झाल्यावर लगेच बाहेर पडायचं नाही, पायरीवर किंवा सभामंडपात क्षणभर टेकायचं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. टेकल्यावर काय करायचं हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. कुणी खांबाला पाठ लावतं, कुणी पायातली पैंजणं नीट करतं, कुणी गाभाऱ्याकडे बघत राहतं, आणि मग आपोआप उठावंसं वाटतं. ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, मुद्रा, बंध यांत शिरायच्या आधी जागेचं वर्णन केलं आहे. बसलं की उठूच नये असं वाटावं अशी जागा. सहज वाटेने जाणारा, मनात शंभर इच्छा असलेला माणूसही तिथे आला तर माघारी फिरायला विसरावा. योगाची तयारी सांगताना आधी जागेची रुची, हा क्रम मला फार आवडतो.

पण त्याच मातीत दुसरंही रुजलेलं आहे. एक क्षणही रिकामा जाऊ देऊ नये, ही समर्थांची शिकवण घराघरांत पोचली, आणि 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' हे तर आजीच्या तोंडी असायचंच. बाईमाणसाच्या बाबतीत हे दुप्पट. पुरुष ओट्यावर बसला तर बसलाय, बाई बसली की कुणीतरी विचारणारच, 'काय गं, बरं नाही का?' मग आपण काहीतरी निमित्त शोधतो. मटार सोलायला घेतो, वाती वळायला घेतो. ही कामं वाईट नाहीत, वाती वळताना मन छान निवतं. पण ते निराळं. हातात काम असलं की आपण बसण्याचं भाडं भरत असतो. काही दिवस बिनभाड्याचं बसून बघा. घरच्यांना एकदा सांगून टाका, मी वीस मिनिटं बसणार आहे, मला काही झालेलं नाही. चार दिवस चेष्टा होईल, पाचव्या दिवशी कुणी बघणारही नाही.

चहाचा कप चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालेल. चहा संपल्यावर मात्र कप खाली ठेवून बसून राहायचं. बसणं खरं तिथून सुरू होतं.

आता त्या वीस मिनिटांत काय होतं ते जरा जवळून बघू, म्हणजे घाबरायला होणार नाही. पहिली पाच-सात मिनिटं यादी: गॅस बुक करायचाय, उद्याचा डबा, लाइट बिल भरलं का. ती चालू द्या. याच वेळी हातांकडे बघा. फोन आत ठेवला असला तरी उजवा अंगठा आपोआप वर-खाली सरकत असतो, मांडीवर, ओढणीच्या काठावर, खुर्चीच्या हातावर. मी वर्गात हे सगळ्यांना दाखवते आणि सगळे हसतात. अंगठा थांबवायचा नाही, तो हलतोय हे फक्त कळू द्यायचं. थोड्या वेळाने तो स्वतःच थांबतो. मग कंटाळा येतो. चांगला जाड, दुपारच्या उन्हासारखा. नव्वद टक्के माणसं इथे उठतात आणि म्हणतात, आज नाही लागलं. (नव्वद हा माझा अंदाज हो, कुणी मोजलेलं नाही.)

या कंटाळ्याला माणूस किती भितो याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. माणसांना रिकाम्या खोलीत एकटं बसवलं, करायला काही नाही. एका प्रयोगात पंधरा मिनिटं बसायचं होतं आणि हाताशी विजेचा सौम्य झटका देणारं बटण होतं. हा झटका टाळायला आम्ही पैसेही देऊ, असं हीच माणसं आधी म्हणाली होती. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी सहा जणींनी स्वतःला निदान एकदा तरी झटका देऊन घेतला. तेव्हा दहाव्या मिनिटाला तुम्हाला उठून फ्रिज उघडावासा वाटला तर तुम्ही चारचौघांसारख्याच आहात.

कंटाळ्यात बसून राहिलं की पुढे काय होईल ते रोज वेगळं. कधी डुलकी लागते. लागू द्या, शरीराला झोप हवी होती. कधी समोरच्या बिल्डिंगमधल्या कुकरच्या शिट्टीपासून रिक्षाच्या हॉर्नपर्यंत सगळे आवाज एकदम स्वच्छ ऐकू यायला लागतात आणि त्यांचा त्रास होत नाही. कधी विनाकारण डोळे भरून येतात. कधी वीस मिनिटं यादीच चालते आणि तेवढ्यावर संपतं. यातलं कुठलंही चांगलं किंवा वाईट धरू नका. तुमच्या वयात अंगातून मध्येच वाफा निघतात, छातीत धडधडतं, पाळीच्या बदलांमुळे असं होतं. ते 'काहीतरी जागृत झाल्याचं' लक्षण समजू नका. असं सांगणारी मंडळी भेटतातच. धडधड वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

एका गोष्टीशी मात्र सावध राहायचं. शांत बसणं आणि उगाळत बसणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. उगाळताना आत एक खटला चालू असतो. तो असं म्हणाला, मी असं म्हणायला हवं होतं, पुन्हा भेटला की असं म्हणेन. वकील आपण, साक्षीदार आपण, तारीख रोजची. ओळखायची खूण अशी: तेच वाक्य जसंच्या तसं तिसऱ्यांदा आलं, दात एकमेकांवर आवळलेले आहेत, आणि समोरच्या झाडावर कावळा येऊन गेला तरी कळलं नाही. असं झालं की नुसत्या बसण्याचा आग्रह सोडा. तळपाय जमिनीवर नीट टेकवा, गार लादी जाणवते का बघा, बाहेरचा एखादा आवाज धरा. तरी खटला उभाच असेल तर सरळ उठा आणि कुंड्यांना पाणी घाला, नाहीतर खाली एक चक्कर मारून या. इथेच पद्धतीचा उपयोग असतो. नाम, श्वास, मंत्र, काहीही घ्या, मनाला धरायला एक दोरी मिळते. म्हणून माझं म्हणणं असं की शिबिरात शिकलेलं टाकून देऊ नका. उगाळणं सुरू झालं की दहा श्वास तसे बघा आणि पुन्हा सोडून द्या.

काही जणांना मी नुसतं बसायला मुळीच सांगत नाही. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल, नैराश्याची औषधं चालू असतील, जुना मोठा आघात असेल, किंवा शांत बसलं की उलट घाबरायला होत असेल तर हे आपलं नाही. सैलावताच घाबरायला होणं ही काही कल्पना नाही. मानसशास्त्रज्ञांनी ते १९८० च्या दशकातच नोंदवून ठेवलं आहे. अशांनी चालावं, हातांनी काम करावं, माणसांत राहावं. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, कशातच रस न उरणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा फोन चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. खुर्चीच ठेवा. मांडी घालूनच बसायचं हा हट्ट पन्नाशीनंतर गुडघ्यांना महाग पडतो, आणि पायाला मुंग्या येतात त्या नस दाबली गेल्यामुळे, त्यात साधना काही नाही. पाठ टेकली तर टेकली. डोळे जसे राहतील तसे; उघडे असले तर कुठे रोखायचे नाहीत. फोन आतल्या खोलीत, सायलेंटवर, आणि गजर लावायचा नाही. गजर लावला की मन गजराची वाट बघत बसतं. त्याऐवजी घरातली एखादी ठरलेली खूण घ्या, म्हणजे देवापुढची उदबत्ती विझली, सोसायटीचं पाणी आलं, रस्त्यावरचे दिवे लागले, की उठायचं. रोज जमलंच पाहिजे असं नाही. पण जागा तीच असू द्या. जागेला सवय लागते आणि मग ती आपल्याला बसवते.

संध्याकाळी डास फार असतील तर पहाट बघा, दूधवाला यायच्या आधीची. तेव्हा यादी लहान असते. मात्र तेव्हा झोप येते, हा त्यातला तोटा.

आणि मिस्टर. बसू देत. दोन माणसं न बोलता शेजारी बसतात ही संसारात दुर्मीळ गोष्ट आहे, हाकलू नका. पेपर चाळत असले तरी माझी हरकत नाही. फक्त मधेच बातमी मोठ्याने वाचून दाखवायची नाही, आणि 'तुला काय वाटतं?' असं तर मुळीच विचारायचं नाही, एवढं आजच ठरवून घ्या.